विसाव्याची खाट

या, जरा जवळ सरकून बसा, इवलीशी गोष्ट सांगते. एका शुश्रूषागृहात आजाऱ्याला चार दिवस ठेवून घेत, म्हणजे घरी सांभाळणाऱ्याची पाठ टेके. आठ महिने वाट पाहिल्यावर एका जोडप्याचा नंबर लागला. सिस्टर खोलीत आल्या तर खाटेवर आजी गाढ झोपलेल्या, उशाशी स्टुलावर आजोबा. सिस्टरनी आजींची नाडी पाहिली, कागद पुढे केला.

"आजोबा, आता बिनघोर घरी जा. इथे तुमचं नाव लिहा."

"हळू बोला. किती दिवसांनी डोळा लागलाय हिचा."

"बरं, मीच लिहिते. नाव काय तुमचं?"

आजोबा बावरले. "ते हिलाच ठाऊक. उठली की विचारू."

पेशंट कोण ते सिस्टरना उमगलं. पण आता खाट कुणाची, ते काही उमगेना.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या आजोबांची आठवण ठेवा. त्यांना स्वतःची राहत नाही.