काळं केंद्रक

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवताना शर्वाणीचं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजता तिच्या गाईड, डोंगरे मॅडम, फोटो बघायला येणार होत्या.

हिरव्या चमकणाऱ्या एका प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाच्या दारातून आत नेणारा, त्या प्रथिनाचाच छोटासा तुकडा तिने कापून टाकला होता. तो नसला की प्रथिन बाहेरच अडकतं, असं मॅडमनी वीस वर्षांपूर्वी एका फोटोने सिद्ध केलं होतं. काळं केंद्रक, भोवती हिरवी चमकणारी पेशी. शर्वाणीला तेच पुन्हा दाखवायचं होतं. पण तिचं केंद्रक आजही हिरवंगार उजळलेलं होतं. तीन वर्षं ती आपल्याच हातांना दोष देत आली होती.

बाहेर मॅडमच्या चपला वाजल्या. शर्वाणीने फोकसचा नॉब केसभर फिरवला. केंद्रक फोकसबाहेर जाऊन अंधारात बुडालं, भोवतीची पेशी चमकत राहिली.

“जमलं, मॅडम,” असं म्हणत ती स्टुलावरून उठली.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मग त्यांचा हात जराही न चाचपडता नॉबकडे गेला आणि त्यांनी तो तेवढाच, केसभर, उलटा फिरवला.

केंद्रक पुन्हा हिरवं उजळलं असणार, हे शर्वाणीला कळलं. “सॉरी मॅडम. मी पुन्हा करते. माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुझं काही चुकत नाहीये,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या. “तो फोटो मीही असाच काढला होता.”