पेलाभर पाणी

"सुरू कर," बॉनेट उघडून मी लेकाला म्हटलं.

स्टिअरिंगवर बसलेला तो वैतागला. "आई, सुरू केली की पुढून केवढी किंचाळते! इंजिन गेलंय. भंगारवाला निघालाय. आणि या वयात तुला गाडी हवीय कशाला?"

इंजिन सुरू झालं, किंचाळी आलीच. हातातल्या पेल्यातलं पाणी मी फॅनबेल्टवर शिंपडलं. आवाज थांबला; क्षणात पुन्हा सुरू झाला.

"इंजिन ठणठणीत आहे. पाणी पडताच आवाज थांबला, म्हणजे बेल्ट झिजलाय. तू पोटात होतास तेव्हा वरंधा घाटात मीच बदलला होता. तुझे बाबा छत्री धरून उभे होते."

फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो थांबला. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक पलीकडे. नवा बेल्ट आणू. आणि त्याला सांग, टेम्पो बाजूला घे. मला गाडी बाहेर काढायचीय."