खुंटाची साक्ष

"शेवंते, वेल फुटली!" हणमंतआप्पा मांडवाखालून ओरडले, आणि ट्रकवर चढवलेली गाठोडी लोकांनी भराभर खाली ओढली.

प्रयोगशाळेतून आलेला तो खुंट चारशे फूट खाली मुळं सोडायचा. वर्षभर पुरेल एवढी ओल लागली, तरच त्यावर कलम बांधलेल्या द्राक्षवेलीला फूट यायची. वेल फुटली की गाव थांबायचं, नाही फुटली की उठायचं. तेरा वर्षांत खुंट एकदाही चुकला नव्हता.

यंदा कालपर्यंत मांडवाच्या तारांवर नुसत्या काटक्या होत्या. शेवंताचे वडील मात्र कंबर मोडून अंथरुणाला खिळलेले. ट्रकचे धक्के त्यांना सोसणार नव्हते, आणि ओसाड गावात त्यांना घेऊन एकटीनं राहायची तिची छाती नव्हती. म्हणून अकरा दिवस घशाला कोरड पाडून तिनं आपल्या वाट्याचं पाणी खुंटाशेजारच्या जुन्या बोअरमध्ये ओतलं होतं.

रिकामे ट्रक निघाले. बाया घराघरांतून हंडे घेऊन आल्या. वेल फुटली की साठवणीचं शिळं पाणी तिच्या बुडाशी ओतायची गावाची रीत होती.

"आप्पा, ओतू नका! खाली पाणी नाही, मीच ओतलंय बोअरमध्ये!"

आप्पा हसले. "माणसाला फसवता येतं पोरी, खुंटाला नाही." त्यांनी पहिला हंडा उपडा केला.

सगळ्यांत शेवटी तिच्याच घरून तांब्या आला. वडिलांनी उशाजवळचा पाठवून दिला होता.