भुलीची अकरावी गोष्ट

"कोष्ट्याच्या मागावरचा निळा धागा हळूहळू सैल होत गेला," यंत्र सांगत होतं. ऑपरेशनच्या टेबलावर भास्करराव वालावलकर टक्क जागे होते.

भुलीची औषधं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आता गोष्ट ऐकता ऐकताच रुग्ण बधिर व्हायचा. पण गोष्टीतला धागा म्हणजे आपल्याच नसा, हे ज्याला कळतं त्याच्यावर ती चालत नसे.

"दुसरी लावा," भास्करराव म्हणाले.

"ही अकरावी, सर," नर्स सुलभा रडवेली झाली. "सगळ्या तुम्हीच तर लिहिल्यात."

"अपेंडिक्स फुटेल. आता थांबता येणार नाही," सर्जनबाई हलकेच म्हणाल्या.

भास्कररावांनी सुलभाचा हात घट्ट धरला. "मग तू सांग काहीतरी. काहीही."

सुलभाने तोंड उघडलं, पण तिला त्यांच्याच गोष्टी तेवढ्या येत होत्या.