ठमीचं पोट

"मामा, एकोणचाळीस दिवस झाले, एकदाही मारामारी नाही!" दिशाने वही मिटली तेव्हा तिचा चेहरा इतका फुलला होता की सहादूने नजर खाली वळवली. आज ती नेमकी अर्धा तास लवकर आली होती, आणि लसूणघासाच्या चाऱ्याची पाटी अजून त्याच्या हातातच होती.

शेळ्या आणि कोंबड्या एकाच गोठ्यात सुखाने नांदतात का, हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. सातपूरहून दोन बस बदलून पोरगी रोज चारला कॉलेजच्या गोठ्यावर हजर, रविवारीसुद्धा. बावीस वर्षं इथे शेण काढताना कँटीनमध्ये बसून आकडे भरणारे विद्यार्थी सहादूने ढिगाने पाहिले होते. ही मात्र तासभर उकिडवी बसून घड्याळ बघत टिपायची. अशा पोरीचं काम बिघडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"आजचा दिवस झाला की उद्या सरांना द्यायचं. मग येवल्याच्या बचत गटाला कळवते. चौदा बायका खोळंबल्यात. वेगळं खुराडं नको म्हटलं, की लगेच कोंबड्या आणून शेळ्यांत सोडतील."

चौदा बायका! हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने पाटी खाली ठेवली.

"ताई, तुमी यायच्या आदी मी रोज ठमीला पाटीभर घास घालतो. पोट भरलं की ती गप बसून रवंथ करती. नायतर लय मारकी हाय. गव्हाणीत कोंबडी दिसली की शिंगावरच घेती."

ठमी म्हणजे समोरची काळी-पांढरी, बांडी शेळी. दिशा तिच्याकडे बघतच राहिली. सहादूला वाटलं, आता आरडाओरडा होणार. झाला असता तर बरं वाटलं असतं.

ती उलट्या बादलीवर बसली आणि वहीच्या पहिल्या पानापासून रेघा मारत सुटली. एकही पान फाडलं नाही. प्रत्येक पानाच्या समासात तेच वाक्य: 'ठमीला आधी चारा दिला होता.' सहादूने वाकून वाचलं. कोणी दिला, ते कुठेच नव्हतं.

"मार्क जातील ना, ताई?"

"जातील." तिने ओढणीने नाक पुसलं. "मुदत मागते. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. ती पाटी बाहेर न्या, मामा."

कितीतरी साहेबांपुढे सहादूने मान लववली होती. पण मनापासून आदर वाटला तो या पोरीचा.

चार वाजले. दिशाने कोरं पान काढलं. कोंबड्या नेहमीसारख्या गव्हाणीत चढल्या आणि उपाशी ठमी उठली. सहादूचा पाय आपोआप पुढे पडला. त्याने खांब घट्ट धरला. पुढच्याच क्षणी एक तांबडी कोंबडी केकाटत भिंतीवर आपटली आणि पिसं उडाली. ती लंगडत कोपऱ्यात शिरली.

दिशाचे डोळे भरून आले होते. पेन कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं.

सहादूने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"लिवा, ताई," तो म्हणाला. "चार वाजून सहा मिन्टं. ठमीनं मारलं."