डाव्या हाताने

"नाव लिहू नका, पण मनातलं खरं लिहा," असं नववी 'ब'ला बजावून मुळीकबाईंनी काल फॉर्म वाटले होते. प्रश्न एकच होता : शाळेत मोकळेपणाने बोलता येतं का?

उत्तरही सगळ्यांचं एकच. "हो, अगदी मोकळेपणाने!" बाई खूश झाल्या आणि मग त्यांचं अक्षराकडे लक्ष गेलं. बेचाळीसच्या बेचाळीस फॉर्मांवर कोंबडीचे पाय! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून अख्ख्या वर्गाने डाव्या हाताने लिहिलं होतं.

आज वर्गात येताच बाईंनी खडू डाव्या हातात धरला आणि फळ्यावर वेडंवाकडं लिहिलं, 'मलाही हेडसरांची भीती वाटते.'

वर्ग खो खो हसला. हसू ओसरल्यावर शेवटच्या बाकावरच्या शर्वरीने उजवा हात वर केला.

"बाई, माझा फॉर्म परत देता? थोडं लिहायचं राहिलंय."