जाड वायर

घरी जोडलेला सिंथेसायझर गाण्याच्या मध्येच मुका झाला. सूनबाईने दोन बटणं फिरवून पाहिली, पेटीवर हलकी थाप मारली. काही नाही. हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिचे सासरे उठले आणि माइकची गरज पडू नये अशा आवाजात म्हणाले, "वायरिंग माझं आहे, ते जन्मात दगा द्यायचं नाही. सोल्डरिंग हिचं. तेच कच्चं राहिलं असणार!"

लोक हसले. सूनबाईने मान खाली घातली. "हो, माझंच चुकलं," ती म्हणाली. वाद्यवृंदाचा प्रमुख कडेने येऊन पुटपुटला, "पुढच्या कार्यक्रमाला विकतचं आणा. नाहीतर आम्ही दुसरं कुणीतरी बघतो." सासऱ्यांनी ते ऐकलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते बोललो, त्यात काय एवढं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सासऱ्यांचा सारा जन्म घरांच्या लाइट फिटिंगमध्ये गेलेला. सून जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडत ते यंत्र उभं करत होती, तेव्हा ते त्याला "हिचं खेळणं" म्हणायचे. मग एकदा त्यांनी तिच्या हातातली वायर पाहिली. केसाएवढ्या सात तारांचा पीळ, वर पातळ पिवळं कव्हर.

"ही वायर की दोरा?" ते कडाडले. "शर्टाची बटणं लाव हिने."

आणि माळ्यावरून स्वतःचं जुनं भेंडोळं उतरवून आणलं. लाल, जाड, आत तांब्याची एकच टणक कांडी. ती म्हणाली, बाबा, इथे वीज नावालाच असते, एवढी जाड लागत नाही. शिवाय ही वाकून वाकून तुटते. "वायरीचं मला नको शिकवूस," ते म्हणाले. तिने मुकाट्याने लाल वायर जोडली.

आता पेटीचं झाकण बसेना. जाड वायरी आतून त्याला रेटत होत्या. सासऱ्यांनी गुडघा देऊन ते बसवलं. त्या दिवसापासून खेळण्याचं "आमचं यंत्र" झालं. शेजारी, पाहुणे, सिलिंडर घेऊन आलेला माणूस, कुणाची म्हणून सुटका नव्हती. सासरे झाकण उघडायचे, "बघा, वायरिंग बघा!" म्हणायचे आणि पुन्हा गुडघा द्यायचे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी टेबलावर घेतली. सोल्डरिंग कुठे कच्चं आहे ते सुनेला एकदा दाखवूनच द्यायचं होतं. चष्मा लावला, चिमट्याने पहिला जोड ओढला. हलला नाही. दुसराही नाही. एकेक करत सगळे तपासले. छोटे, गोल, चकचकीत जोड, एकही ढिला नव्हता. तुटली होती ती वायर. जोडाच्या अगदी शेजारी, झाकण उघडता-मिटता जिथे ती वाकत होती तिथे. शेजारची दुसरी लाल वायर तर नुसतं बोट लागताच तुटली.

सासऱ्यांचे कान तापले. लोक आपलं झाकून ठेवतात आणि दुसऱ्याचं वाकून बघतात. यांनी आपलंच उघडून उघडून दाखवलं होतं, आणि त्या दाखवण्यापायीच ते मोडलं होतं. वर भरल्या हॉलमध्ये खापर कुणाच्या माथी, तर सुनेच्या.

मग लाल वायरींच्या गर्दीत त्यांना एक पिवळी दिसली. बारीक, मऊ, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.

सून चहा घेऊन आली आणि उघडी पेटी पाहून जागीच थांबली.

"ही कधी बदललीस?"

"परवा. तालमीत तिथली लाल तुटली तेव्हा."

"म्हणजे काल मी बोललो, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

सासऱ्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. लाज वाटली, नुसती लाज, बाकी काही नाही. त्यांनी कटर उचलला आणि लाल वायरी एकामागून एक कापून टाकल्या.

"आण तुझं ते पिवळं भेंडोळं. आणि त्या प्रमुखाला मी सांगतो. हॉलमध्ये उभा राहून, कालच्याइतक्याच मोठ्यानं. पण परवाच सगळ्या बदलायच्या होत्यास ना गं! एकच का बदललीस?"

तिने कप त्यांच्यापुढे ठेवला.

"सगळ्या बदलल्या असत्या तर ते पुन्हा माझं एकटीचं खेळणं झालं असतं, बाबा."